खांदा उतरला की कपडा संपला : ऑपरेशननंतरच्या सव्वा वर्षातल्या कपड्यांचं एक प्रकरण

मी पुण्यात धनकवडीत घरीच शिवणकाम करते, ब्लाउज, ड्रेस, पिको-फॉल आणि अल्टरचं काम तर रोजचंच. हे प्रकरण माझ्या एका गिऱ्हाईक ताईंचं आहे, त्यांना विचारूनच लिहितेय, नाव देत नाही. वजन कमी करायचं ऑपरेशन झालेल्या बायका हल्ली माझ्याकडे येतात अधूनमधून आणि सगळ्यांचं एकच, की दर दीड-दोन महिन्यांनी कपडे ढगळ होतायत, नवीन घ्यायचे तर किती वेळा घ्यायचे आणि कुठून आणायचे एवढे पैसे. म्हणून म्हटलं एक केस नीट लिहून काढावी, काय केलं, काय जमलं, काय फुकट गेलं.

ताई त्रेचाळीस वर्षांच्या, एका पतसंस्थेत कॅशियर. उंची पाच फूट दोन, ऑपरेशनच्या वेळी वजन ११२ किलो, म्हणजे बीएमआय, उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, पंचेचाळीसच्या आसपास. शुगर होती, गुडघे गेलेले. स्लीव्ह केलं, ज्यात पोटाचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात आणि नळीसारखं पोट उरतं. आयआरडीएआय, म्हणजे इन्शुरन्स कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था, तिच्या अटीप्रमाणे बीएमआय ४० च्या पुढे असेल, किंवा ३५ च्या पुढे आणि जोडीला ठराविक गंभीर आजार असतील, तर इन्शुरन्समधे हे ऑपरेशन बसू शकतं, त्यांचं बसलं, तरी वरचे बरेच पैसे खिशातून गेलेच. पुढे दर महिन्याला प्रोटीन पावडर, बी-१२, आयर्न, कॅल्शियम चालूच. मुलगी कॉलेजला. अशात कपड्यांना कोण बजेट ठेवतो. डॉक्टरांनी डाएटचा कागद दिला, व्यायामाचा दिला, कपड्यांचा कागद कोणीच देत नाही.

वजन उतरण्याचा वेग आधी सांगते कारण सगळं गणित त्यावरच आहे. पहिले तीन महिने धडाधड, वीस किलो गेलं. मधे तिसऱ्या आठवड्यात काटा हललाच नाही, ताई घाबरल्या, पण ते बहुतेकांचं होतं म्हणे. सहा महिन्यांनी ८२ च्या आसपास. मग वेग मंदावला, वर्षाने ७३, आणि आता सव्वा वर्षानंतर ७१ वर जवळजवळ थांबलंय. साधारण बारा ते अठरा महिन्यांत बहुतेकांचं वजन असं स्थिर होतं. कपड्यात सांगायचं तर छातीचं माप ५० वरून ४० वर. रेडीमेड कुर्तीत एल म्हणजे ४०, एक्सेल ४२, डबल एक्सेल ४४ असं दोन-दोन इंचाने चढतं, म्हणजे पाच साईज खाली. प्रत्येक साईजला चार कुर्ते, दोन लेगिंग आणि आतले कपडे धरा, काय होतं ते तुम्हीच बघा.

ऑपरेशननंतर ताई पहिल्यांदा आल्या तेव्हा पिशवीभर कुर्ते घेऊन आल्या, म्हणाल्या, "वहिनी, हे सगळे बाजूने दाबून द्या, म्हणजे वर्ष निघेल." मी म्हटलं ताई, निम्मे निघतील, निम्म्यांना हात लावू नका.

याचं कारण खांदा. लोकांना वाटतं अल्टर म्हणजे बाजूची टीप आत घेतली की झालं. बाजू आत घेता येते, कंबर घेता येते, बाही घेता येते. पण रेडीमेडमधे साईज वाढते तसा खांदाही वाढवलेला असतो, ५० च्या कुर्त्याचा खांदा सोळाच्या वर आणि ह्यांच्या हाडाचा खांदा साडेचौदा. अंगावर मांस होतं तोवर तो वरच राहायचा, मांस गेलं की खांद्याची शिवण दंडावर उतरली. दुसरं म्हणजे मुंढा, बाही जिथे जोडतात तो काखेतला गोल. बाजू दोन साईज आत घेतली तरी मुंढा तेवढाच खोल राहतो, काखेच्या खाली लोंबतो, आणि हात वर केला की अख्खा कुर्ता वर येतो. बसमधे दांडा धरून उभं राहायचं असलं की कळतं हे. तो नीट करायचा तर बाही उसवा, खांदा कापा, मुंढा नव्याने कोरा, बाही परत लावा. त्याचे मी अडीचशे-तीनशे घेते आणि ते जास्त नाहीयेत कारण वेळ जातो. पण कुर्ताच मुळात चारशेचा असेल तर तीनशे त्याच्यावर कशाला घालायचे.

म्हणून मी नियम करून टाकला. बाजूची फिटिंग साठ-ऐंशी रुपयात होते, ती दोन साईजपर्यंत करायची. त्यापुढे कुर्ता सोडून द्यायचा. खांद्याचं काम फक्त महागाच्या किंवा जीव अडकलेल्या कपड्यावर.

त्या पिशवीतून मी आधी वेगळे काढले ते बिनखांद्याचे, म्हणजे कफ्तान, ज्याची बाही वेगळी जोडलेली नसते, आणि एक रॅगलन बाहीचा टॉप, ज्याची शिवण गळ्यापासून तिरकी काखेत जाते. असे कपडे तीन-चार साईज सहज खातात. ऑपरेशन झाल्या झाल्या तर तेच लागतात, कारण दुर्बिणीच्या ऑपरेशनची भोकं पोटाच्या वरच्या भागात असतात आणि तिथे इलॅस्टिक किंवा नाडी काचते. पहिले काही आठवडे ताईंनी गाऊन आणि कफ्तानावरच काढले. पोटाला पट्टा बांधायचा की नाही हे ज्याच्या त्याच्या डॉक्टरने सांगायचं, मी त्यात बोलत नाही.

खालच्या कपड्यांचं सोपं आहे. नाडीवाली सलवार, पटियाला, पलाझो चालतात, नाडी ओढली की झालं. लेगिंगचा नेफा दोन बोटं उसवायचा, इलॅस्टिक बाहेर ओढून चार इंच कापायचं, टोकं जोडायची आणि परत आत सोडून टीप मारायची. पिन घेऊन कुणीही घरी करू शकतं, यासाठी माझ्याकडे येऊ नका खरंच. जीन्स मात्र कमरेला दोन इंचापेक्षा जास्त घेतली की मागचे खिसे एकमेकांना चिकटायला येतात, विचित्र दिसतं. ताईंना कधी नव्हे ती जीन्स घालायची फार हौस आली होती, मी म्हटलं थांबा, ती शेवटी घ्या.

आता पैसे खरे कुठे घालायचे. माझं मत विचाराल तर ब्रेसियरवर. इथे काटकसर करू नका. ब्रा मला दाबून देता येत नाही, पट्टा दाबला की कप बाजूला सरकतो आणि काखेत काचतो, हे मी ताईंना आणि बऱ्याच जणींना सांगून थकले. पण एक युक्ती आहे. नवीन घेताना नेहमी सगळ्यात बाहेरच्या हुकावर बसेल अशी घ्यायची, तीन ओळी हूक असतील तर पुढचे महिने आत आत येत जाता येतं. बऱ्याच बायका आतल्या हुकावर घट्ट बसणारी घेतात आणि महिन्यात ती ढिली पडते. तुळशीबागेत दुकानातली बाई नजरेनेच माप सांगते आणि बऱ्याचदा बरोबर असतं तिचं, पण एवढं झपाट्याने उतरणाऱ्या अंगावर नजर चुकते, टेप लावून घ्यायला सांगायचं, लाजायचं नाही. ताईंनी पूर्ण काळात तीन वेळा ब्रा बदलल्या, प्रत्येक वेळी दोनच, एक अंगात एक दोरीवर. चड्ड्या साध्या कॉटनच्या, पॅकमधल्या, मिळतील तिथून.

कॉटनवर एवढा जोर का तर कातडी. पोटाची, दंडाची, मांडीची कातडी सैल पडते, घड्या पडतात आणि पुण्यातला जुलै-ऑगस्ट म्हणजे दोरीवरचे कपडे दोन दोन दिवस वाळत नाहीत, घडीत घाम साचतो, लाल होतं, खाज सुटते. ताईंना पोटाखाली झालं होतं. मलम डॉक्टरांनी दिलं पण कपड्यातला उपाय म्हणजे आत मऊ कॉटनची स्लिप आणि वर उंच कमरेची लेगिंग, जी घडी उचलून धरते. सिंथेटिकची लेगिंग स्वस्त मिळते पण पावसाळ्यात ती नकोच. टमी टकर, म्हणजे पोट दाबून धरणारा घट्ट कपडा, घेऊ का म्हणून त्या विचारत होत्या, हजार-बाराशेचा, मी म्हटलं दोन महिन्यात तो पण मोठा होणार, मग काय करणार त्याचं.

आणि थंडी! हे मला माहीतच नव्हतं. अंगावरची चरबी गेली की थंडी वाजते, आधी पंखा फुल करून बसणारी बाई डिसेंबरमधे पतसंस्थेत स्वेटर, वर शाल. स्वेटरसाठी नवीन खर्च नाही केला, मुलीचा जुना पुढून उघडा कार्डिगन घातला, बटणं न लावता कुठल्याही साईजला चालतो तो.

साडी. मला वाटतं या सगळ्यात साडीसारखा स्वस्त कपडा नाही आणि शिवणकामवालीने हे सांगणं म्हणजे माझंच नुकसान आहे, पण खरंय. तीच साडी ११२ किलोला नेसता येते आणि ७१ लाही, फक्त ताईंच्या निऱ्या आधी जेमतेम पाच यायच्या त्या आता आठ-नऊ येतात. परकर नाडीचा असतोच. उरतो ब्लाउज, त्याला रेडीमेड ताणणारे लायक्राचे ब्लाउज, काळा आणि सोनेरी, दोन घेतले, अडीचशे-तीनशेला एक, आणि ते तीन साईज चालले. काळा जवळजवळ सगळ्या साड्यांवर गेला. पतसंस्थेत आधी आठवड्यातून एकदा साडी नेसायच्या, त्या काळात तीन-चारदा नेसायला लागल्या, लोकांना वाटलं बारीक झाल्याची हौस आहे, खरं कारण कपाटात बसणारं काही नव्हतं.

आठव्या महिन्यात भाच्याचं लग्न आलं. ताईंची पैठणी, आणि त्यावरचा ब्लाउज साडीतल्याच पीसचा, बाहीला काठ लावलेला, मीच शिवलेला ४८ च्या मापाचा. तोवर अंग ४४ वर आलेलं. त्यांच्या जावेने सुचवलं की कापून नवीन मापाचा करून घे. मी नाही म्हटलं. एक तर अजून चार इंच उतरणार होतं, दुसरं म्हणजे पैठणीचा तेवढाच तुकडा, एकदा कात्री लागली की पुन्हा कुठून आणायचा.

आतून उलटा केला तर दोन्ही बाजूला दीड-दीड इंच माया होती, म्हणजे शिवणीच्या आत सोडलेलं जास्तीचं कापड, ती मी ठेवतेच. आधी हाताने कच्चा धावदोरा घातला, त्यांना घालून बघायला लावला, कापड न कापता त्याच्यावर मशीनची लांब टीप मारली, म्हणजे नंतर उसवायला सोपी. माया आत वाढली त्यामुळे काखेत जाड झालं, ती चपटी करून हाताने चार टाके घालून बसवली. प्रिन्सेस कट होता हे नशीब, पुढून उभ्या शिवणी असतात त्यातूनही अर्धा-अर्धा इंच घेता आला. टक्सचा, म्हणजे छातीला आकार द्यायला चिमटे शिवलेला, किंवा कटोरी, म्हणजे वाटीसारखा तुकडा जोडलेला असता तर छातीवर झोळ राहिलाच असता, कारण वजन उतरलं की छाती नुसती कमी नाही होत, खालीही येते आणि टक्सचं टोक भलतीकडे राहतं. खांदा मात्र उतरतच होता. त्याला मागच्या गळ्याला दोरी लावली, लटकन लावून. दोरी बांधली की दोन्ही खांदे आत ओढले जातात, फॅशन वाटते आणि काम होतं. खर्च दीडशे. लग्नात कुणाला कळलं नाही, उलट दोघीतिघींनी मला विचारलं डिझाइन कुठलं म्हणून.

आता जे फुकट गेलं ते. चौथ्या महिन्यात ऑनलाइन सेल लागला आणि ताईंनी एम साईजचे तीन कुर्ते आणि एक जीन्स मागवली, म्हणे तिथपर्यंत जायचंय, समोर टांगून ठेवीन. बावीसशे रुपये. आज त्या एल मधे आहेत, छाती ४०, सैल कातडीमुळे दंड एमच्या बाहीत जात नाही, आणि परत करायची मुदत कधीच संपली. टार्गेटचे कपडे घेऊ नका असं मी सगळ्यांना सांगते. शरीर कुठे थांबेल, दंडाला किती कातडी राहील, हे ऑपरेशन करणारा डॉक्टरही इंचात सांगू शकत नाही. ते कुर्ते शेवटी मुलीने वापरले, जीन्स तिला आखूड झाली.

खरी बचत झाली ती दुसरीकडे. हॉस्पिटलमधे महिन्यातून एकदा ऑपरेशनवाल्यांची मीटिंग असते, तिथे एका बाईने ट्रिपल एक्सेलचे कपडे पिशवीत घालून आणले, कुणाला हवेत का. ताईंना नेमके तेच हवे होते. दोन-तीन महिने वापरलेले, म्हणजे जवळजवळ नवेच. ताईंनी आपले मोठे तिथेच एका नवीन पेशंटला दिले. मग ते चालूच झालं, पिशवी येते, पिशवी जाते. मधल्या दोन साईज ताईंच्या जवळजवळ फुकटात निघाल्या, फक्त फिटिंगचे पैसे मला. सासूबाईंना पटत नव्हतं, "दुसऱ्याच्या अंगावरचं कशाला, आपल्याला काय कमी आहे" वगैरे. त्यांचं एका बाजूने बरोबर आहे, त्यांच्या काळात तसंच होतं. ताईंनी गरम पाण्यातून काढले, उन्हात वाळवले, इस्त्री केली आणि गप्प घातले.

पण सासूबाईंनी सूड घेतलाच! ताई ऑफिसला असताना बोहारीण आली आणि त्यांनी ५० साईजचे चार कुर्ते देऊन एक स्टीलचं पातेलं घेतलं. पातेलं चांगलं आहे, मी बघितलंय. पण त्यातला एक मलमलचा होता, घेर मोठा, त्यात ताईंना अख्खा नवीन कुर्ता बसला असता. मोठ्या साईजच्या कपड्यात कापड भरपूर असतं, खांद्यापासून उसवून नव्याने कापलं तर ४०-४२ चा कुर्ता निघतो, शिलाई साडेतीनशे. कापड चांगलं असेल तरच परवडतं. नायलॉन-क्रेपचे खुशाल बोहारणीला द्या.

बाकी बाजारहाट थोडक्यात. गाऊन, लेगिंग, परकर तुळशीबाग. टी-शर्ट, ट्रॅकपँट कॅम्पात फॅशन स्ट्रीटला, चालायला जायला लागतात त्या, पण तिथे घालून बघायची सोय फारशी नसते म्हणून टेप बरोबर न्यायचा आणि पसरून मोजायचं, लेबलवरच्या अक्षरावर जायचं नाही कारण प्रत्येकाचा एक्सेल वेगळा. लक्ष्मी रोडला मधल्या काळात जाऊच नका, तिथे गेलं की खर्च होतोच.

दागिन्यांचं कपड्यात येत नाही पण सगळ्या विचारतात म्हणून. बांगड्या दोन-आठच्या होत्या, आता दोन-चार लागतात. काचेच्या बदलल्या, सोन्याच्या पाटल्या काढून ठेवल्या. सोनाराकडे मधेच नेल्या तर दोनदा मजुरी आणि दोनदा घट. अंगठीला आतून दोरा गुंडाळला. चपलेचं माप पण अर्ध्या नंबरने उतरलं, पट्ट्याच्या चपला घेतल्या की चालतं.

सव्वा वर्षाचा कपड्यांचा एकूण खर्च, माझी शिलाई धरून, साडेनऊ-दहा हजारात आला, त्यात ते बावीसशे पाण्यात. सगळ्यात मोठा आकडा ब्रेसियरचा. ताईंच्या ओळखीतल्या एका बाईंनी याच काळात प्रत्येक साईजला नवीन घेतले, त्यांचा खर्च चाळीसच्या वर गेला, आणि त्यांचे आधीचे सगळे कपडे अजून कपाटात आहेत कारण परत वाढलं तर, अशी धास्ती. वाढतंही थोडं, दोन-तीन वर्षांनी काही किलो परत येणं बऱ्याच जणांचं होतं, ते खोटं नाही. पण त्यासाठी ५० चे कपडे ठेवून काय होणार, नवीन शिवताना आत माया जास्त सोडायची, मी ताईंच्या सगळ्या कपड्यांना आता दोन-दोन इंच सोडते.

सध्या वजन गेले तीन महिने ७१-७२ मधेच आहे, त्यामुळे आता खर्च करायला हरकत नाही असं मीच म्हटलं. जीन्स घेतली एकदाची, फॅशन स्ट्रीटला नाही, दुकानात, ट्रायल रूममधे चार घालून बघून. पैठणीच्या ब्लाउजचं काम मात्र बाकी आहे, आता खरा खांदा कापायचा, मुंढा कोरायचा. दंडाची सैल कातडी काढायचं ऑपरेशन करायचं का यावर ताईंचं ठरत नाहीये आणि ते केलं तर बाहीचं माप पुन्हा बदलणार, म्हणून बाहीला मी अजून हात लावलेला नाही, खांदा तेवढा पुढच्या आठवड्यात करून देतेय.